दोन-स्ट्रोक चेतक पुन्हा रस्त्यावर: पहिल्या किकपासून घाट उतरेपर्यंत

बुलेट घेतली की गाडीबरोबर एक बिरादरी मिळते. कंपनीचं जॅकेट, गावोगावचे ग्रुप, नोव्हेंबरात गोव्यात भरणारा रॉयल एनफिल्डचा मेळा. हार्ली-डेव्हिडसनचा मालकसंघ तर १९८३पासून चालत आला आहे. ही मजा खरी आहे, पण ती नावाभोवती जमते. जुन्या चेतकची मजा हातापायांत असते: डाव्या मुठीत गिअर, उजव्या पायाखाली ब्रेक, पुढ्यात पिशवी ठेवायला सपाट जागा, आणि साडी नेसून किंवा ऑफिसच्या कपड्यांत बसलं तरी अंगावर चिखल नाही. बजाजने १९७२मध्ये आणलेली ही स्कूटर मिळवायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. त्यातल्या कितीतरी आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये फाटक्या कव्हरखाली उभ्या आहेत. तशी एखादी तुमच्या घरात असेल, तर ती चालू कशी करायची आणि चालवायची कशी, ते पुढे दिलं आहे.

आधी ती दोन-स्ट्रोकच, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारीच आहे ना, हे पाहा. शेवटच्या काळात फोर-स्ट्रोक चेतकही निघाली होती. तिच्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नसतं आणि इथलं बरंचसं तिला लागू पडत नाही. कागदपत्रांचं काम लगेच सुरू करा, कारण वेळ त्यातच जातो: १५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावं लागतं आणि त्याबरोबर पर्यावरण कर भरावा लागतो. शिवाय विमा, पीयूसी आणि नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट.

बंद गाडी जागी करताना

थेट किक मारू नका. प्लग काढा, सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी ऑइल (दोन-स्ट्रोक इंजिनाचं, पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी प्लग न लावता किक हाताने हळूहळू दाबून पाहा. पिस्टन मोकळा असेल तर किक सहज खाली जाते. अडली तर जोर लावू नका, रिंग तुटून सिलिंडर ओरखडतो. अशा वेळी हेड उघडूनच पाहावं लागतं.

मग टाकी पूर्ण रिकामी करा. तळाशी गंज दिसला तर आधी टाकी साफ, मगच नवं पेट्रोल. पेट्रोलचा पाइप बदलाच. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं आणि त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. जेट साफ करताना तारेचा तुकडा घालू नका, भोक मोठं होतं. हवेचा झोत पुरेसा आहे.

गिअर ऑइल बदला: एसएई ३०, साधारण पाव लिटर. गाडी सरळ उभी करून, भरायच्या भोकातून ऑइल ओघळू लागलं की थांबायचं. चेतकचा क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून घर्षण कमी करणारं मोटारीचं ऑइल यात चालत नाही. क्लच घसरू लागतो.

सगळं करून गाडी सुरू झाली आणि तरी नीट चालत नसेल, तर संशय क्रँकच्या ऑइल सीलवर घ्या. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ती वाळून कडक होतात. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत शिरते, उजवी मुठ (ॲक्सिलरेटर) सोडली तरी इंजिन आपोआप रेस होतं आणि तापतं. क्लचच्या बाजूचं गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं: दाट पांढरा धूर निघतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. यातलं काहीही दिसलं तर गाडी चालवत राहू नका.

ऑइलचं माप

प्रमाण २ टक्के. लिटरला २० मिली, ५ लिटरला १०० मिली. अंदाजाने ओतू नका, मापाचं झाकण किंवा औषधाची सिरिंज डिकीत ठेवा. ऑइल आधी टाका आणि त्यावर पेट्रोल भरून घ्या, म्हणजे भरण्याच्या जोरानेच ते मिसळतं. वरून ओतलं तर ते तळाशी बसतं आणि पहिले काही किलोमीटर इंजिनला कधी जास्त ऑइल मिळतं, कधी कमी. जास्त ऑइल म्हणजे जास्त काळजी, हा समज जुना आणि चुकीचा आहे. जादा ऑइलने प्लग काळा होतो आणि सायलेन्सर कार्बनने भरतो. कमी ऑइलने मात्र पिस्टन जॅम होतो, आणि तो खर्च मोठा आहे.

प्लग वाचायला शिका

या गाडीचं आरोग्य प्लगवर लिहिलेलं असतं. पाच-दहा किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवून, इंजिन बंद करून प्लग काढा. टोक तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त जातंय, चोक पूर्ण बंद होत नाहीये, किंवा एअर फिल्टर तुंबलाय. पांढरं पडलं असेल तर ताबडतोब थांबा: मिश्रणात हवा जास्त आहे आणि इंजिन तापतंय. प्लगच्या टोकांमधली गॅप ०.६ मिमी ठेवा. नवा प्लग घेताना आट्यांची लांबी जुन्याशी ताडून पाहा, लांब आट्यांचा प्लग पिस्टनवर आदळू शकतो.

सुरू करायची रीत साधी आहे. पेट्रोलचा कॉक उघडा, गाडी न्यूट्रलला, इंजिन थंड असेल तर चोक ओढा आणि मुठ न पिळता किक मारा. सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात चोक आत. फार किका मारून इंजिन पेट्रोलने भरलं असेल, तर कॉक बंद करा, चोक आत ढकला, मुठ पूर्ण पिळून धरा आणि सात-आठ किका मारा. तरी नाही झाली तर प्लग काढून पुसा आणि त्याचं अंग हेडला टेकवून ठिणगी पाहा. हे करताना सांडलेलं पेट्रोल आसपास नको.

सजावटीआधी थांबा

मोटारसायकलच्या जगातून आलेली एक सवय इथे महागात पडते: मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. दोन-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सरच्या आतला आकार ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये टिकवून ठेवायला मदत करतो. तो कापला की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. गाडी चढाला दमत असेल तर सायलेन्सर कापण्याऐवजी त्यातला कार्बन काढून घ्या. इंजिनावरचं पत्र्याचं आवरणही दिखाव्यासाठी काढू नका. फ्लायव्हीलच्या पंख्याची हवा सिलिंडरपर्यंत नेणं हेच त्याचं काम आहे.

वायरींकडे मात्र महिन्यातून एकदा बघायलाच हवं. क्लच लिव्हरला टोकाशी थोडा ढिलेपणा ठेवा. अजिबात नसेल तर क्लच अर्धवट दबलेला राहतो आणि प्लेटा जळतात. हँडलवरची खूण न्यूट्रलवर आणि गाडी गिअरमध्ये, असं झालं तर गिअरच्या दोन्ही वायरी ताणून सारख्या करा. वायरी बरोबर असूनही गिअर निसटत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या आत आहे.

रस्त्यावर आणि घाटात

चाकं १० इंची आहेत. मोटारसायकल ज्या खड्ड्यावरून निघून जाते, त्यात चेतक बसते. ४५-५० चा वेग तिला सर्वांत मानवतो. हवा पुढे १८ पीएसआय, मागे एकट्यासाठी २५, डबलसीट ३५ च्या आसपास. पुढचा ब्रेक जोरात दाबला की तोंड खाली जातं, म्हणून आधी पायाचा ब्रेक आणि मग पुढच्याची जोड.

ताम्हिणीसारखा लांब उतार उतरताना एक गोष्ट कधीच विसरू नका. मुठ बंद केली की पेट्रोल कमी जातं, आणि ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्याने तेही कमी जातं. इंजिन मात्र गिअरमुळे जोरात फिरत असतं. म्हणून दर काही सेकंदांनी क्लच दाबून मुठ थोडी पिळा. गिअर दुसरा किंवा तिसरा ठेवा, न्यूट्रलमध्ये उतरू नका. लांब चढावर दोन बोटं क्लचवर असू द्या. इंजिनचा आवाज अचानक दबला आणि गाडी मागे ओढल्यासारखी वाटली, तर पिस्टन धरतोय. त्या क्षणी क्लच दाबा, नाहीतर मागचं चाक जागीच अडकतं. बाजूला घेऊन अर्धा तास गार होऊ द्या.

बुलेटवाल्या मित्रांबरोबर जायचं असेल तर जरूर जा. निघण्याआधी थांबे ठरवून घ्या आणि चेतक ओळीत दुसरी ठेवा. शेवटी ठेवली की तिला सतत गाठत राहावं लागतं, इंजिन तापतं आणि चालवणाऱ्याचा आनंद जातो.

डिकीत एक जादा प्लग, प्लगपाना, क्लच वायर, गिअर वायर, टू-टीचं पाउच आणि स्टँडखाली ठेवायला लाकडाचा तुकडा असावा. हवा भरलेली स्टेपनी असेल तर पंक्चरला दहा-पंधरा मिनिटं लागतात: चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग स्टँडखाली लाकूड घालून चाक उचला. रिमचे दोन भाग जोडणारे नट वेगळे असतात. हवा पूर्ण काढल्याशिवाय त्यांना पाना लावू नका, रिम उसळून हात फुटतो.

घरी पोचलात की इंजिन चालू असतानाच पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडू द्या. तिथे पेट्रोल उरलं तर ते उडून जातं, ऑइल मागे राहतं आणि पुढच्या वेळी पहिल्याच किकला प्लग काळा होतो.