पहिल्या केमोच्या आधी घ्यायचा एक रिपोर्ट

स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी ठरली की आमच्या कोकणातल्या घरात मुंबईला न्यायची पिशवी भरू लागते. त्या पिशवीतल्या फाइलमध्ये पहिल्या केमोच्या आधी केलेल्या लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, रिपोर्ट असावा, असा माझा आग्रह आहे. केमो चालू असताना अनेक स्त्रियांच्या रक्तातले ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढते व एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) उतरते, आणि आधीचा आकडा हाताशी नसला तर ही वाढ उपचारांत झाली की पूर्वीपासूनच होती, हे ठरवणे कठीण जाते. माझ्या मावशीच्या फाइलमध्ये नेमका हाच कागद नव्हता. ही तपासणी सगळीकडे आपणहून लिहून दिली जात नाही, तेव्हा ती डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. मात्र तिच्यापायी केमोची तारीख पुढे ढकलू नये.

रक्त देण्याआधी 9 ते 12 तास पाण्याखेरीज काही घ्यायचे नसते. तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी दादरला उतरायचे आणि तसेच परळच्या टाटा रुग्णालयात रक्त द्यायचे, हा हिशेब सोयीचा वाटतो. पण पावसाळ्यात गाडी रखडली तर उपास लांबतो, आणि मधुमेहाच्या बाईला तो झेपत नाही. त्यापेक्षा दोन-चार दिवस आधी कणकवली, रत्नागिरी किंवा चिपळूणला, ताप नसताना, रक्त देऊन कागद बरोबर न्यावा. केमोआधी देतात ते डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड साखर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढवू शकते, म्हणून पुढच्या प्रत्येक रिपोर्टवर तो कितव्या केमोच्या किती दिवसांनंतरचा आहे, हे पेनाने लिहून ठेवावे.

त्याच फाइलमध्ये थायरॉइड, साखर व यकृताचे जुने रिपोर्ट, डॉक्सोरुबिसिन हे केमोचे औषध मिळणार असल्यास टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), आणि काढ्यांसकट सगळ्या औषधांची यादी ठेवावी. शेवटच्या पाळीची तारीखही लिहावी, कारण केमोमुळे अंडाशयांचे काम थांबले की इस्ट्रोजेन घटते आणि एलडीएल चढू लागते. पुढे टॅमॉक्सिफेन ही इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी सुरू झाली तर एलडीएल बहुधा उतरते, पण ट्रायग्लिसराइड वाढू शकते. ते 500 च्या वर गेल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून तेव्हाही तपासणी मागून घ्यावी.

स्वयंपाकघराची तयारी थोडी नाजूक आहे. केमोच्या दिवसांत अन्न पोटात जाणे हेच पहिले, त्यामुळे रिपोर्ट पाहून घाबरून बाईचे जेवण तोडू नये. नारळ बंद करायची गरज नाही, पण खोबऱ्यातली चरबी एलडीएल वाढवते, म्हणून रोजच्या वाटणात तो कमी घ्यावा आणि सोलकढीऐवजी अधूनमधून कोकमाचे सार करावे. बांगडा, तारली तळण्यापेक्षा कालवणात पूर्ण शिजवून द्यावेत. अर्धवट शिजलेले कालव आणि तिसऱ्या या काळात नकोतच. कोलेस्टेरॉलची गोळी आधीपासून चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नये, फक्त डॉक्टरांना दाखवावी, आणि परसातले पपनस तूर्त बाजूला ठेवावे, कारण त्यामुळे ॲटोरव्हास्टॅटिनसारख्या गोळीचे रक्तातले प्रमाण वाढू शकते.