बातमीतला कर्ता शोधा

तंत्रज्ञानाची मोठी बातमी आली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चहा उकळेपर्यंत दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, सरकार आता घराघरांत डोकावणार. दुसरा म्हणतो, कर नाही त्याला डर कशाला. मूळ आदेश मात्र कुणी उघडलेला नसतो. मी ठाण्यात नौपाड्यात राहते, मुद्रितशोधनाचं काम करते, आणि ज्या वाक्यात कर्ता सापडत नाही तिथे माझं पेन अडतं. नागरिकांच्या हक्कांची बातमीही मी तशीच वाचते. ही रीत कुणालाही जमेल. त्यासाठी वकिली शिकावी लागत नाही, की कॉम्प्युटरमधलं फार कळावं लागत नाही.

बातमी वाचून झाली की कागदावर एकच वाक्य लिहा. कोण, कुणाला, कोणत्या कायद्याखाली, कधीपासून, काय करायला लावतंय, आणि नाही म्हटलं तर काय होईल. वाक्य लांबलं तर लांबू द्या. जी जागा भरता येत नाही तिथे रेघ मारून ठेवा. तुमचा खरा प्रश्न त्या रेघेच्या जागी असतो. मत त्याच्यानंतर.

डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला आलेली संचार साथीची बातमी घेऊ. प्रत्येक फोनमध्ये सरकारी अ‍ॅप, अशी चर्चा सगळीकडे सुरू झाली. कोण? दूरसंचार विभाग. कुणाला? इथे बऱ्याच जणांची गल्लत झाली. आदेश तुम्हाआम्हाला नव्हता, फोन बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना होता. तारीख 28 नोव्हेंबर, मुदत 90 दिवस. विक्रीला येणाऱ्या नव्या फोनमध्ये ते अ‍ॅप आधीपासून असायला हवं, आणि त्यातल्या सोयी बंद किंवा मर्यादित केलेल्या नाहीत याची काळजी कंपनीने घ्यायची, असं त्यात होतं. मग 2 डिसेंबरला मंत्री म्हणाले, नको असेल त्याने अ‍ॅप काढून टाकावं. आदेशातलं वाक्य आणि मंत्र्यांचं वाक्य यांचा मेळ बसत नव्हता. अशा वेळी कागदावरचं धरायचं, कारण कंपनीला पाळायचा असतो तो कागद. 3 डिसेंबरला सरकारने ही सक्ती मागे घेतली.

अ‍ॅप उपयोगाचं आहे. चोरीला गेलेला फोन त्यातून बंद करता येतो, आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते पाहता येतं. माझा आक्षेप होता तो माझ्या फोनमध्ये मला न विचारता घातलेल्या आणि कंपनीने राखायच्या सरकारी अ‍ॅपला. आक्षेप असा नेमका मांडला की समोरचा ‘म्हणजे तुम्हाला चोर पकडायला नको का’ असं म्हणू शकत नाही. आणखी एक. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या सेवा सिमकार्डाला बांधून ठेवण्याचा, म्हणजे ते सिम फोनमध्ये असेल तरच चालू देण्याचा, दुसरा आदेशही त्याच 28 नोव्हेंबरचा होता. ग्रुपवर या दोन्हींची खिचडी होऊन त्यावर भांडणं झाली. म्हणून बोलायच्या आधी विचारा, आपण नक्की कोणत्या आदेशाबद्दल बोलतोय?

तारखेकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं. ‘कायदा आला’ या दोन शब्दांत बरंच काही दडपून जातं. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली 11 ऑगस्ट 2023 ला. त्याचे नियम प्रसिद्ध झाले 14 नोव्हेंबर 2025 ला. ‘आता तुमची माहिती सुरक्षित’ अशा थाटात ती बातमी फिरली. अधिसूचना उघडून कुठलं कलम कधी लागू होतंय ते पाहिलं की वेगळंच चित्र दिसतं. माहिती घेण्याआधी सूचना देणं, संमती मागणं, दिलेली संमती परत घेऊ देणं, माहिती पुसून टाकणं, म्हणजे तुमच्या-माझ्या कामाचं जे जे आहे, ते लागू होणार 18 महिन्यांनी, मे 2027 मध्ये. कलम 44(3) मात्र लगेच लागू झालं. त्या कलमाने माहिती अधिकार कायद्यातलं कलम 8(1)(ञ) बदललं. आधी, ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जी उघड केल्याने कुणाच्या खाजगीपणावर विनाकारण घाला येतो, तीच नाकारता येत होती. व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागे. आता त्या कलमात उरलंय एवढंच, की वैयक्तिक माहिती देणं बंधनकारक नाही. जनहिताची वाट कलम 8(2) मध्ये अजून शिल्लक आहे. माहितीचे अर्ज करणाऱ्याने ते कलम अर्जातच लिहावं. खाजगीपणाच्या नावाने आलेल्या कायद्यात नागरिकाचं मागणं आधी आखडलं आणि त्याचं संरक्षण दीड वर्ष लांबलं, याचा मला राग आहे. तारखा शेजारी शेजारी मांडल्या की तो राग दुसऱ्यालाही समजावून सांगता येतो.

यानंतर मजकुरातले मोजता न येणारे शब्द शोधा आणि त्यांना गोल करा. ‘आक्षेपार्ह’, ‘योग्य ती’, ‘आवश्यक वाटल्यास’, ‘इत्यादी’. शब्दांचा कीस पाडतेस, असं मला घरातही ऐकवतात. ज्यांना तसं वाटतं त्यांनी पालघरची गोष्ट आठवावी. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न केला, दुसरीने ती पोस्ट लाइक केली, आणि दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या 66अ कलमाचा तिथे वापर झाला, त्यात गुन्ह्याचं माप काय होतं? मजकूर फार आक्षेपार्ह असणं, त्याने त्रास होणं, गैरसोय होणं. कुणाला किती त्रास, ते कुणी ठरवायचं? काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या अटकेनंतर श्रेया सिंघल या कायद्याचं शिक्षण घेऊ पाहणाऱ्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि 24 मार्च 2015 ला न्यायालयाने ते कलम रद्द केलं. शब्द मोघम आहेत, काय केलं तर गुन्हा होईल हे त्यांवरून माणसाला कळत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. तरीही त्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याबद्दल धक्का व्यक्त करावा लागला. कायद्यात ढिला राहिलेला शब्द शेवटी कुणाच्या तरी मनगटावर येऊन बसतो. म्हणून मी शब्दांचा कीस पाडते, आणि पाडत राहणार.

इथे एक बंधन स्वतःवरही घाला. कुणी घाईघाईने ‘नागरीक’ असं दीर्घ लिहिलं म्हणून त्याचं मत खोटं ठरत नाही. दुसऱ्याच्या वेलांट्या काढून वाद जिंकणं हा चर्चेचा अपमान आहे, आणि ज्यांचं शिक्षण मराठीत नीट झालं नाही त्यांना बोलण्यापासून हाकलणं आहे. काटेकोरपणा सत्तेच्या कागदाला लावायचा. शेजाऱ्याने लिहिलेलं समजून घ्यायचं.

आता घराजवळचं उदाहरण, कारण खरा सराव इथे होतो. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कागद लागला: ‘सुरक्षेच्या दृष्टीने येत्या महिन्यापासून गेटवर चेहरा ओळख प्रणाली बसवण्यात येत असून सर्व रहिवासी, घरकामगार व चालकांचे फोटो घेतले जातील. सहकार्य करावे.’ क्रियापदं बघा. ‘बसवण्यात येत आहे’, ‘घेतले जातील’. बसवतंय कोण? घेणार कोण? सगळं कर्मणीत, त्यामुळे जबाबदार माणूसच दिसत नाही. ‘सहकार्य करावे’ ही विनंती आहे की हुकूम, तेही कळत नाही. मी ते वाक्य कर्तरीत लिहायला बसले: ‘सोसायटीची व्यवस्थापक समिती ____ या कंपनीमार्फत रहिवाशांचे व कामगारांचे चेहऱ्याचे फोटो घेईल, ते ____ येथे ____ काळ ठेवील, ते पाहण्याचा अधिकार ____ यांना असेल, आणि फोटो न देणाऱ्याला ____ या मार्गाने आत येता येईल.’ पाच रिकाम्या जागा उरल्या. समितीच्या लोकांचा हेतू वाईट नव्हता. दोन बिल्डिंग सोडून चोरी झाली होती, माणसं घाबरली होती. पण त्या पाच जागांची उत्तरं समितीतही कुणाकडे नव्हती, कारण विकणाऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आमच्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशींनी लिफ्टपाशी मला विचारलं, “ताई, फोटू नाय दिला तर गेटवर अडवतील का वो? मग चार घरची कामं जातील माझी.” सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचा होता. रहिवासी नाही म्हणाला तर तो स्वतःच्याच घरी जातोय, त्याला कोण अडवणार? मावशी नाही म्हणाल्या तर त्यांची रोजी जाते. नाही म्हणण्याची अशी किंमत असेल तर त्या होकाराला संमती म्हणता येत नाही. वैयक्तिक माहितीच्या कायद्याची भाषाही हेच सांगते: संमती मुक्त, विशिष्ट, पूर्ण माहितीनिशी, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी. कुठलीही नवी यंत्रणा आली की तिच्यासमोर सगळ्यात कमी बोलू शकणारा माणूस कोण ते शोधा, आणि तिचा निवाडा त्याच्या जागेवरून करा.

अशा वेळी ग्रुपवर भाषण करण्याऐवजी पत्र द्या. पान एक, भाषा साधी, सेक्रेटरींना उद्देशून. ‘मा. सचिव यांस’ असं लिहिलं तरी मजकूर बोलण्यातला ठेवा. रिकाम्या जागांचे प्रश्न जसेच्या तसे घाला. सर्वसाधारण सभेत ठराव झाला आहे का ते विचारा आणि इतिवृत्त पाहायला मागा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 ने सभासदाला तो हक्क दिलाय. लहान मुलांचे फोटो घेणार का, ते स्वतंत्र विचारा. वैयक्तिक माहितीच्या नव्या कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. आणि फोटो घेण्याआधीची सूचना मराठीत मागा. इंग्रजी किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कुठल्याही भाषेत ती वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, असं त्या कायद्याच्या कलम 5 मध्ये आहे. हे बंधन मे 2027 पासूनचं असलं तरी ‘उद्या करावंच लागणार आहे, मग आजच करा’ हे समितीला पटतं.

या पत्रात पुट्टस्वामी निकाल मात्र घालू नका. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं, तेही कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका निवृत्त न्यायमूर्तींनी आधारविरुद्ध केलेल्या याचिकेत. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारपुढे मागायचे असतात, सोसायटी म्हणजे सरकार नव्हे. चुकीच्या जागी मोठं नाव घेतलं की समितीतले एखादे वकीलकाका तेवढाच धागा पकडतात आणि तुमचे बाकीचे प्रश्न तसेच राहतात. सरकारी यंत्रणेवर लिहाल तेव्हा तो जरूर काढा, आणि त्यातल्या कसोट्या लावा: कायद्याचा आधार आहे का, उद्देश योग्य आहे का, आणि त्या उद्देशाच्या मानाने घेतलेली माहिती बेताची आहे का.

नवी मुंबईच्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं उडू लागली, त्यामुळे आपल्या भागातल्या पुष्कळांची डिजीयात्राशी गाठ पडणार. चेहरा दाखवून आत जाण्याची ही सोय ऐच्छिक आहे, हे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने स्वतः सांगितलंय. रांगेत कुणी फोन पुढे करायला सांगितलं तर शांतपणे म्हणा, “मला ओळखपत्र आणि बोर्डिंग पास दाखवून जायचंय.” घरातल्या वयस्कर माणसांना हे वाक्य निघण्याआधीच सांगून ठेवा.

मत लिहायचं असेल तर पाच-सहा ओळी पुरतात. पहिल्यांदा घडलं काय ते, आदेशाच्या तारखेसकट. मग त्याने कुणाचं काय जाणार. मग तुमची मागणी, कुणाकडे आहे त्याच्या नावाने. ‘हुकूमशाही’ हा शब्द पहिल्या ओळीत नको. पुरावा आधी वाचून झालेला असला की तो शब्द वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येतो. पुढे आदेश बदलला, मागे घेतला, तर आधीचं मत पुसू नका, खाली नवी तारीख घालून भर टाका.

आमच्या पत्रावर पंधराएक घरांनी सह्या केल्या. समितीने विकणाऱ्याकडून उत्तरं मागवली, त्यातली दोन आली: फोटो कुठे राहणार आणि पाहणार कोण. किती काळ ठेवणार याचं उत्तर अजून नाही. तोवर कामाला येणाऱ्यांसाठी ओळखपत्र आणि वही चालेल, असं सेक्रेटरींनी लेखी दिलंय, आणि मावशी वहीत सही करून वर येतात.

तुम्ही पत्र द्याल तेव्हा दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. सोसायटीचं ऑफिस बंद असेल तर स्पीड पोस्टाने पाठवा, आणि ईमेलवरही घाला. महिनाभर वाट पाहून उत्तर आलं नाही तर त्याच पत्राची प्रत आणि पोच जोडून सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करा. अर्जात नव्याने काही सांगत बसू नका. रिकाम्या जागा तशाच ठेवा आणि लिहा, ‘याची उत्तरे मिळावीत.’