उन्हाच्या दुपारी पिशवीतलं कोडं

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, दुपारी लेकरांना अंगणात सोडता येत नाही. ३ ते ६ वर्षांच्यांसाठी तेव्हा हा खेळ मांडा. कापडी पिशवीत लिंबू, चमचा, कंगवा, कांदा ठेवा; तोंडात जाईल असं बारीक काही नको. मुलानं न बघता हात घालायचा. ‘गोल आहे का? खरखरीत लागतं का? वास कसला?’ असं विचारत राहा. नाव सांगायची घाई करू नका, चाचपडण्यातच मजा आहे आणि शिकणंही. उत्तर चुकलं तर आणखी एक खूण द्या. केजीतल्या मुलांनी खुणा सांगायच्या, आजीनं ओळखायचं. शब्द भराभर वाढतात. गुण मात्र मांडू नका, या वयात हरणं फार लागतं. संत्र्यांच्या दिवसांत फोडी मोजायला लावा, मोजून झाल्या की खायला द्या.