श्रमदानाची तारीख ठरवण्याआधी: गावच्या मैदानासाठी तयारीची यादी

नारळ फोडण्याआधी मैदान कोणाच्या नावावर आहे ते पाहा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढली की जागा नगरपरिषदेची, जिल्हा परिषद शाळेची की गायरान, हे कळतं. ज्याची जागा त्याची लेखी परवानगी घ्या आणि त्या पत्रात सपाटीकरण, चर खोदणं आणि मुरूम भरणं हे तिन्ही शब्द येऊ द्या. परवानगी नुसत्या स्वच्छतेची असेल तर जेसीबी आत शिरल्यावर काम बंद पाडायला एक तक्रार पुरते.

यानंतरचं काम मातीचं नाही, पाण्याचं आहे. गावोगावी मैदानं दुरुस्त होतात आणि पहिल्याच पावसाळ्यात पुन्हा चिखल होतो, कारण पाणी जायला वाट न देताच वर मुरूम पसरलेला असतो. पावसाळ्यातच पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं याचे फोटो काढून ठेवा. उन्हाळ्यात गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी घेऊन दर दहा मीटरवर खुंट्या ठोका. मोकळ्या मैदानाला शंभरास एक उतार हवा, म्हणजे चाळीस मीटर रुंदीत चाळीस सेंटिमीटर. डोळ्यांनी तो जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. चढाच्या बाजूने साधारण दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल चर काढून तो ओढ्याला किंवा गटाराला जोडा. शेजारच्या शेतात सोडलात तर भांडण ठरलेलंच.

दख्खनच्या पठारावर बहुतेक ठिकाणी खाली काळी माती असते. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि वरचा मुरूम गिळते. म्हणून खेळपट्टीच्या जागी वरची किमान एक फूट काळी माती काढा. ती न्यायला शेतकरी आनंदाने येतात. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीवर ही अडचण नाही, तिथे माती वाहून जाऊ नये म्हणून खालच्या कडेला दगडी बांध लागतो.

आता हिशेब. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, म्हणजे ४३२ चौरस मीटर. खाली कठीण भरणी करून वर दाबलेला १० सेंटिमीटर मुरूम हवा असेल तर ४३ घनमीटर, म्हणजे सुमारे पंधरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून वीस ब्रास मागवा. रॉयल्टी भरलेल्या वाहतूक पासशिवाय एकही खेप आत घेऊ नका. विनापरवाना गौण खनिजाला (मुरूम त्यातच येतो) बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. मुरूम दोन थरांत पसरा, आदल्या संध्याकाळी टँकरने भिजवा, सकाळी रोलर फिरवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण हाताला चिखल लागू नये, एवढीच ओल. कोरड्यावर रोलर फिरवला तर फक्त धूळ उडते. कबड्डीसाठी (पुरुषांचं १३ बाय १०, महिलांचं १२ बाय ८ मीटर) वर दोन-तीन सेंटिमीटर चाळलेली लाल माती द्या, नाहीतर खड्यांनी गुडघे सोलून निघतात. आखणी पांढऱ्या फक्कीनेच करा, कळीच्या चुन्याने डोळे भाजतात.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली याच मैदानावर पहाटे धावतात, त्यांना विसरू नका. ४०० मीटरचा ट्रॅक बसत नसेल तर २०० मीटरचा आखा: दोन सरळ बाजू ४० मीटरच्या, टोकांच्या अर्धवर्तुळांची त्रिज्या १८.९० मीटर. धावण्याचं माप आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर धरतात, म्हणून ही त्रिज्या. मुलांचे १६०० मीटर आठ फेऱ्यांत, मुलींचे ८०० मीटर चार फेऱ्यांत नेमके होतात.

माणसं कुठे लावायची आणि पैसा कुठे, हे आधी वेगळं करा. एका ब्रासची सुमारे २८० घमेली होतात. वीस ब्रास डोक्यावरून वाहायला लावलंत तर दुसऱ्या रविवारी कोणी येणार नाही. खोदाई, वाहतूक, रोलर पैशाने करा. काचा आणि खडे वेचणं, कडा सारखी करणं, चर साफ करणं, हरळी लावणं हे हातांचं काम. गाजर गवत फुलायच्या आधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. दगडांचे ढीग हाताने नाही, पहारीने हलवा. खाली फुरसं किंवा घोणस असू शकते. प्रथमोपचार पेटी, पिण्याचं पाणी आणि १०८ ला फोन करणारा एक ठरलेला माणूस हवाच. काम सकाळी सहा ते दहा, त्यापुढे नाही.

वर्गणीला हात घालण्याआधी नोंदणीकृत संस्था सोबत घ्या, किंवा धर्मादाय कार्यालयातून विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खालची वर्गणीची परवानगी काढा. बँक खातं दोन सह्यांचं, क्यूआर कोड त्याच खात्याचा, कोणाच्या खासगी नंबरचा कधीच नाही. पावतीपुस्तकांना अनुक्रमांक हवेत आणि कोणतं पुस्तक कोणाकडे आहे याची वही. देणगीदाराला प्राप्तिकरातली (८०जी म्हणून ओळखली जाणारी) सवलत हवी असेल तर संस्थेकडे ती मान्यता लागते, आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. कूपन विकून सोडत काढायचा मोह टाळा. परवानगीशिवाय लॉटरी चालवणं गुन्हा आहे.

निधीसाठी स्पर्धा घेताना वेळेचा हिशेब चुकतो. सोळा संघांची बाद फेरी म्हणजे पंधरा सामने. वीस-पाच-वीस मिनिटांचा कबड्डी सामना संघबदलासह तासभर खातो. एकाच मैदानावर हे एका दिवसात उरकत नाही आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. दोन मैदानं आखा किंवा दोन दिवस धरा. बक्षिसं प्रायोजकांकडून वेगळी मिळवा. प्रवेश फीतून बक्षीस दिलंत तर मंडप आणि पंचांचं मानधन वजा जाता हाती काही उरत नाही. चहा-मिसळीचा स्टॉल महिला बचत गटाला द्या आणि वाटा आधीच लिहून ठेवा.

जमलेल्या रकमेतला चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या देखभालीसाठी बाजूला काढा. पाऊस उघडला की पुन्हा एकदा रोलर, चराची सफाई आणि दोन-तीन ब्रास मुरूम लागतोच. लग्नाच्या मांडवाला मैदान देणार असाल तर अनामत रक्कम घ्या आणि खांबांचे खड्डे मुरूम ठोकून भरल्यावरच ती परत करा.