बाळंतिणीची मालीश: या चुका टाळा

ठाण्यात काय, ऐरोली-कोपरखैरण्यात काय, बाळंतीण घरी आली की पहिली शोधाशोध मालीशवाल्या बाईंची. ते योग्यच आहे. चांगल्या हाताखाली अंग मोकळं होतं, झोप लागते, मनही जरा थाऱ्यावर येतं. पण सगळं बाईंच्या वेळेवर चालतं आणि इथेच बिघडतं. त्यांना सकाळी चार घरं उरकायची असतात. रात्रभर पाजून पहाटे कुठे आईचा डोळा लागलेला, तेवढ्यात बेल वाजते. "ऊठ गं, मावशी आल्यात." कृपा करून तिला झोपू द्या. मावशींकडे दुपारची वेळ मागा, दोन पैसे जास्त द्या. आणि मालीश झाल्यावर निदान तासभर बाळ आजीकडे राहू दे, पाहुणे नकोत.

"दाबल्याशिवाय हाडं बसत नाहीत" हे ऐकू नका. दुखलं की थांबायचं, तिने "बास" म्हटलं की बास. पाजताना मान वाकवून खांदे भरून येतात, तिथे हलक्या हाताने वेळ द्या. सिझर झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटाला आणि टाक्यांना हात लावायचा नाही. तिला कुशीवर झोपवून पाठीची मालीश करा.

सगळ्यात धोक्याची चूक पोटरीची. एकच पाय सुजला, गरम लागला, दुखू लागला तर चोळू नका. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल.

खिडक्या लावून फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी पेटवू नका. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू मायलेकरांच्या जिवावर बेतू शकतो. शेकायला गरम पाण्याची पिशवी पुरते.

थकवा हटतच नसेल तर मालीश वाढवू नका, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. घरी आल्यावर त्या हमखास बंद पडतात.

पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं बहुतेकींना होतं, दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही ती उदास असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. "नजर लागली" म्हणून दिवस घालवू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतं असं ती म्हणाली, तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका, लगेच हॉस्पिटलमध्ये न्या.