हुस्ताईच्या माळरानावर जायचंय? मग हे वाचा

मंगोलियात भटक्या पशुपालकांचं जगणं बघायचं असेल तर राजधानी उलानबातरपासून साधारण १०० किमीवरचं हुस्ताई नॅशनल पार्क गाठा, जून ते ऑगस्टमध्ये जा, माळ हिरवागार असतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी ताखी बघायला निघा, म्हणजे तिथले जंगली घोडे, हे जंगलातून पार नाहीसे झाले होते आणि १९९२ पासून युरोपातून आणून परत सोडले, मला तर हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. लांबूनच बघा हं, मागे लागू नका.

दुसरा दिवस मात्र पूर्ण पशुपालक कुटुंबासाठी ठेवा, तुम्ही राहाल त्या टुरिस्ट कॅम्पवाल्यांना सांगितलं की ते ठरवून देतात. त्यांच्या गोल तंबूला गेर म्हणतात, जवळ गेल्यावर 'नोखोई खोर' अशी हाक मारायची, म्हणजे कुत्रा आवरा! उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही (आपल्याकडेही आजी हेच सांगते ना), आत डावीकडून फिरायचं, चुलीकडे पाय करायचे नाहीत. खारट दुधाचा चहा किंवा आइराग, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, उजव्या हाताने घ्या, नको असेल तरी ओठाला लावून परत द्या. शाकाहारी असाल तर दशम्या-चटणी सोबत ठेवाच, तिकडे जेवण बहुतेक मांसाचंच असतं. रात्री गारठा पडतो, स्वेटर विसरू नका.