अमेरिकेची घटना पाठ करू नका, आधी भांडण समजून घ्या

विश्रामबागेत माझ्याकडे एमपीएससीची पोरं येतात. त्यांना मी आधी १७८७ चं फिलाडेल्फिया सांगतो, म्हणजे जिथं अमेरिकेची घटना लिहायला राज्यांचे प्रतिनिधी जमले ती परिषद. मोठी राज्यं म्हणाली, लोकसंख्येवर जागा द्या. छोटी अडून बसली, सगळ्यांना सारख्याच हव्यात. तोड निघाली ती दोन सभागृहांची: प्रतिनिधीगृहात लोकसंख्येवर जागा, सिनेटमध्ये सगळ्यांना सारख्या.

आता वहीत मांडा: प्रतिनिधीगृह ४३५, सिनेट राज्याला २ प्रमाणे १००, वर वॉशिंग्टन डीसीची ३. झाली ५३८ निर्वाचक मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारी मतं. राष्ट्राध्यक्ष व्हायला २७० लागतात. सिनेटमध्ये अवाढव्य कॅलिफोर्निया आणि चिमुकल्या लोकसंख्येचं वायोमिंग एकाच रांगेत! मला काही हे पटत नाही, पण पेपरात पटण्याला मार्क नसतात.

व्हेटो, म्हणजे राष्ट्राध्यक्षानं विधेयकाला दिलेला नकार, मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश. न्यायालयीन पुनर्विलोकन, म्हणजे घटनाबाह्य कायदा रद्द ठरवायचा कोर्टाचा अधिकार, मात्र घटनेच्या कलमांत शोधत बसू नका. १८०३ चा मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटला काढा, तो अधिकार तिथं सापडेल.